ठाणे-नवी मुंबईतली माहिती नेटवर खुली टाकायचीय? कुठून सुरू करायचं, कुठे अडकायला होतं

ठाण्यात तलाव किती, विचारून बघा कोणालाही. एक जण तीस म्हणेल, दुसरा पस्तीस, आणि एखादे जुने काका बुजवलेले पण धरून आकडा साठच्या पुढे नेतील. यादी प्रत्येकाकडे असते पण ती कुठल्यातरी व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफमध्ये, नाहीतर कोणाच्या तरी ड्राइव्हवर जिथे लिंक उघडली की ॲक्सेस मागा म्हणतं, आणि ज्याने ती बनवली त्याने नोकरी बदलली की संपलं.

हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांच्याकडे काहीतरी आहे, तलावांचे फोटो, एरियातल्या बसस्टॉपची यादी, येऊरच्या जंगलातल्या झाडांची नोंद, आजोबांच्या ट्रंकेतलं जुनं पुस्तक, आणि ते सगळ्यांना वापरता येईल असं टाकायचंय पण कुठे टाकू, कसं टाकू, टाकलं की कोणीतरी येऊन डिलीट का करतं हे कळत नाही. मी हे सगळं थोडं थोडं केलंय, त्यामुळे नवीन माणूस नेमका कुठे कंटाळून सोडून देतो ते बऱ्यापैकी माहीत आहे.

माझी कसोटी एकच. नाशिकच्या एखाद्या कॉलेजातल्या मुलीला, जी तुम्हाला ओळखत नाही, तिला तुम्हाला फोन न करता ती फाईल सापडली पाहिजे, उघडली पाहिजे, समजली पाहिजे आणि न घाबरता वापरता आली पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी हे जवळ ठेवा

- स्वतःचा ईमेल आयडी. मंडळाचा किंवा सोसायटीचा सगळ्यांनी मिळून वापरायचा आयडी नको.
- विकिमीडियाचं अकाउंट. एकदा काढलं की विकिपीडिया, कॉमन्स (फोटोंचा साठा), विकिडेटा (माहितीचा साठा), विकिस्रोत (जुनी पुस्तकं) सगळीकडे तेच चालतं.
- ओपनस्ट्रीटमॅपचं, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचं अकाउंट, हे वेगळं काढावं लागतं.
- फोटोंच्या ओरिजिनल फाईली, कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून निघाल्या तशा.
- लिबरऑफिस कॅल्क, फुकट आहे. एक्सेल असेल तरी चालेल, पण त्याचे काही नखरे आहेत ते पुढे सांगतो.
- युनिकोड मराठी टायपिंग. फोनचा साधा मराठी कीबोर्ड पुरतो.
- दुसऱ्याचं काही टाकणार असाल तर त्याची लेखी परवानगी, ईमेलवर.

आधार, पॅन, पैसे यातलं काहीही कुठेही लागत नाही. कोणी तुमचा विकिपीडियाचा लेख बनवून देतो म्हणून पैसे मागत असेल तर सरळ ब्लॉक करा. युजरनेम घेताना संस्थेचं किंवा दुकानाचं नाव घेऊ नका, ते जाहिरात समजून अकाउंट बंद होऊ शकतं. आणि खरं नाव द्यायलाच पाहिजे असंही नाही.

१. तुमच्याकडे नक्की काय आहे ते ठरवा

लोक इथेच गडबड करतात, सगळं उचलून विकिपीडियावर टाकायला जातात. फोटो, आवाज, व्हिडिओ असेल तर विकिमीडिया कॉमन्स. नकाशावर दाखवता येईल अशी जागा असेल, बसस्टॉप, पाणपोई, पब्लिक टॉयलेट, तलावाचा काठ, तर ओपनस्ट्रीटमॅप. रकाने-ओळींचा तक्ता असेल तर सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाईल) करून गिटहबवर (फाईली आवृत्त्यांसकट ठेवायची साईट) किंवा झेनोडोवर. झेनोडो हे सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचं आहे, २०१३ पासून चालू आहे, फुकट आहे आणि फाईलला डीओआय नंबर, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक देतं, त्यामुळे कोणाला संदर्भ द्यायचा असेल तर सोपं जातं. पक्षी, किडे, झाडं यांच्या नोंदी आयनॅचरलिस्टवर किंवा ईबर्डवर. जुनं, कॉपीराइट संपलेलं पुस्तक मराठी विकिस्रोतावर. विकिपीडियाचा नंबर या सगळ्यानंतर लागतो, कारण तिथे नियम सगळ्यात कडक.

एकच काम तीन ठिकाणी जाऊ शकतं. उपवन तलावाचा फोटो कॉमन्सवर, त्याचा काठ ओपनस्ट्रीटमॅपवर आणि यादीतली त्याची ओळ सीएसव्हीमध्ये.

२. हे खरंच तुमचं आहे का?

ही पायरी कंटाळवाणी आहे पण सगळ्यात जास्त फाईली इथेच उडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही स्वतः काढलेला फोटो साधारणपणे तुमचा. तुम्हाला व्हॉट्सॲपवर आलेला फोटो तुमचा नाही, तुमच्या फोनमध्ये आहे म्हणून तर अजिबातच नाही. ऑफिसच्या कामात बनवलेली फाईल ऑफिसची. पेपरचं कात्रण, पुस्तकाचं कव्हर, रस्त्यावरच्या नकाशा-बोर्डाचा फोटो, हे सगळं फोटो तुम्ही काढला असला तरी आतलं काम दुसऱ्याचं आहे.

पुतळे आणि इमारती यांना मात्र आपल्याकडे सूट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सार्वजनिक जागी कायमचं उभं असलेलं शिल्प आणि कुठलीही वास्तू यांचे फोटो काढून छापायला परवानगी आहे. म्हणजे चौकातला पुतळा चालेल, तलावपाळीजवळचं कोपिनेश्वर मंदिर चालेल. पण भिंतीवर रंगवलेलं चित्र या सवलतीत येत नाही! नवी मुंबईत फ्लायओव्हरच्या खांबांवर आणि कंपाउंडच्या भिंतींवर काय सुंदर चित्रं केलीयत, लोक हौसेने फोटो टाकतात आणि मग ते उडतात, कारण चित्रकाराचा हक्क शिल्लक आहे. गणपती मंडळांची मूर्ती आणि देखावा यांचीही तीच कथा, ते कायमस्वरूपी नाहीत. गर्दीचा, मिरवणुकीचा, पूर्ण मंडपाचा फोटो काढा जिथे मूर्ती हा एक भाग आहे, फक्त मूर्तीचा क्लोजअप टाळा.

जुन्या पुस्तकांचं गणित असं की लेखक गेल्यानंतर ६० वर्षं, आणि मोजणी सुरू होते तो गेला त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. १९६४ मध्ये वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२५ ला मोकळं झालं. इथे दोन खाचखळगे आहेत. पुस्तक छापून कितीही वर्षं झाली असली तरी लेखक कधी गेला ते बघायचं, आणि त्याच पुस्तकात नंतर कोणी प्रस्तावना जोडली असेल किंवा ते भाषांतर असेल तर प्रस्तावनाकाराचा, भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजायचा. शिवाय कॉमन्सला अमेरिकेतला कायदाही बघावा लागतो, त्यामुळे स्कॅन करायला बसण्याआधी विकिस्रोताच्या लोकांना विचारून घ्या, दोनशे पानं स्कॅन करून मग कळण्यापेक्षा बरं. जुनी पुस्तकं शोधायची असतील तर ठाण्यातलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे, तिथे चौकशी करता येते, पण त्यांच्या प्रतीचं स्कॅनिंग करायचं तर परवानगी त्यांची.

आणि गूगल मॅप्स. त्यावरून बघून ओपनस्ट्रीटमॅपवर काहीही उतरवायचं नाही. नाव नाही, जागा नाही, दुकानाची वेळ पण नाही. "फक्त स्पेलिंग बघितलं" हे पण नको. लक्षात आलं की ओपनस्ट्रीटमॅपचे लोक तुमचं सगळंच काम काढून टाकतात आणि ते बरोबरच करतात.

३. लायसन्स लावा, आणि घाबरून चुकीचं लावू नका

लायसन्स न लिहिता फाईल टाकली तर कायद्याने ती बंदच असते, दिसते सगळ्यांना पण वापरायला कोणी धजत नाही. कोणीही घ्या, माझी हरकत नाही असं खाली लिहिलं तरी पुरत नाही, कारण बदल करू का, विकू का, नाव देऊ का, हे कळत नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्सची लायसन्स २००२ पासून आहेत आणि सगळीकडे चालतात. तीनच लक्षात ठेवा. सीसी झिरो म्हणजे माझी काहीच अट नाही. सीसी बाय म्हणजे माझं नाव द्या. सीसी बाय-एसए म्हणजे नाव द्या आणि त्यातून काही नवीन बनवलं तर ते पण याच लायसन्सखाली द्या.

आता लोक काय करतात, कोणीतरी माझ्या फोटोवर पैसे कमावेल या भीतीने नॉन-कमर्शियलवालं लायसन्स निवडतात. मग तो फोटो कॉमन्स घेतच नाही. पेपरवाला छापताना बिचकतो, गाईड छापणारा छोटा प्रकाशक वापरू शकत नाही, आणि ज्याला चोरायचाच होता तो लायसन्स न बघता चोरतोच. तेव्हा एक तर मोकळ्या मनाने द्या नाहीतर देऊच नका, अधलंमधलं काही कामाचं नाही. हो, एक गोष्ट पक्की समजून घ्या, एकदा दिलेलं लायसन्स परत घेता येत नाही. उद्या एखाद्या बिल्डरने तुमचा तलावाचा फोटो नाव देऊन ब्रोशरवर छापला तर तुम्ही काही म्हणू शकत नाही. ज्या फोटोबद्दल असं झालं तर पोटात दुखेल तो टाकू नका.

माझा सल्ला: फोटोला सीसी बाय-एसए ४.०, आणि यादीला, तक्त्याला सीसी झिरो. तक्त्याला झिरो का, तर विकिडेटा पूर्ण सीसी झिरोवर चालतं, ओपनस्ट्रीटमॅप स्वतःच्या ओडीबीएल नावाच्या लायसन्सवर चालतं, आणि तुमची यादी सीसी बाय असेल तर ओपनस्ट्रीटमॅपला तुमच्याकडून वेगळी परवानगी लागते. झिरो असेल तर दोन्हीकडे बिनबोभाट जाते. उलटं मात्र होत नाही हां, ओपनस्ट्रीटमॅपवरून उचलून विकिडेटात टाकायचं नाही, त्यांचं लायसन्स ते करू देत नाही.

४. तक्ता साफ करा

माझ्या मते खरं काम हेच आहे आणि याचं कोणी कौतुक करत नाही. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने २०१० मध्ये खुल्या डेटाला पाच तारे द्यायची पद्धत सांगितली होती, लायसन्स लावून पीडीएफ टाकली तर एक तारा, एक्सेल असेल तर दोन, सीएसव्हीसारखा कुठल्याही कंपनीवर अवलंबून नसलेला फॉरमॅट असेल तर तीन. आपण तीनपर्यंत पोचलो तरी नव्वद टक्के सरकारी पीडीएफांच्या पुढे गेलो असं मी तरी समजतो.

एक ओळ म्हणजे एक वस्तू. वर एकच हेडिंगची ओळ. सेल मर्ज करायचे नाहीत, मधेच "एकूण" नावाची ओळ घालायची नाही, लाल रंग म्हणजे बुजवलेला तलाव असलं काही नको, सीएसव्ही केली की रंग जातो. त्यासाठी "स्थिती" असा वेगळा रकाना करा. माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा, शून्य लिहू नका, शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही.

नावांचा रकाना नीट विचार करून करा. मासुंदा तलाव आणि तलावपाळी हे एकच आहे हे ठाणेकराला माहीत, कॉम्प्युटरला नाही, म्हणून मुख्य नाव, दुसरं नाव आणि इंग्रजी नाव असे तीन रकाने. नवी मुंबईवाल्यांसाठी खास, सेक्टर नंबर एकटा कधीच लिहू नका. सेक्टर १० वाशीत पण आहे, नेरूळमध्ये पण आहे, कोपरखैरण्यात पण आहे. नोडचं, म्हणजे वाशी, नेरूळ अशा भागाचं नाव वेगळ्या रकान्यात आलंच पाहिजे, नाहीतर तुमची यादी बेलापूरपासून ऐरोलीपर्यंत कुठेही लागू पडते.

एक्सेलचे नखरे. प्लॉट नंबर ३-५ लिहिलात की तो तारीख करून टाकतो, म्हणून आधी तो रकाना टेक्स्ट करा. सेव्ह करताना साधं सीएसव्ही न निवडता यूटीएफ-८ वालं सीएसव्ही निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आकडे इंग्रजीच टाईप करा, लेखात देवनागरी आकडे छान दिसतात पण तक्त्यात बेरीज होत नाही. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हा घोळ राहत नाही. आणि जुनी फाईल कृतीदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टात असेल तर आधी युनिकोड करा, नुसतं कॉपी-पेस्ट केलं तर कचरा येतो. कन्व्हर्टर नेटवर फुकट मिळतात पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात.

लोकेशन देताना दोन रकाने, अक्षांश आणि रेखांश, दशांशात. पाच दशांश स्थळं पुरे, त्याने साधारण मीटरभराच्या अचूकतेपर्यंत जागा कळते, दहा-बारा स्थळं लिहून काही जास्त खरं होत नाही. ठाणं साधारण १९.२ अक्षांश आणि ७२.९७ रेखांशावर आहे. उलटे टाकलेत तर तलावपाळी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते, गंमत नाही, नकाशावर टाकून बघा. जिओजेसन या नकाशाच्या फाईलींच्या फॉरमॅटमध्ये मात्र रेखांशच आधी लिहायचा असतो, त्यामुळे फाईल बदलताना परत तपासा.

शेवटी सोबत एक छोटी टेक्स्ट फाईल, रीडमी नावाची. कोणी गोळा केलं, कधी, कसं म्हणजे स्वतः जाऊन बघून की कागदावरून, प्रत्येक रकान्याचा अर्थ काय, काय राहिलंय, लायसन्स कुठलं. दहा ओळी लिहा पण लिहा.

५. नकाशावर टाका

ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालं आणि आज ऑरगॅनिक मॅप्स, ओस्मअँड असली कितीतरी ॲप्स त्याच्यावर चालतात. अँड्रॉइड असेल तर स्ट्रीटकम्प्लीट ॲप टाका. ते उभं राहाल तिथले छोटे छोटे प्रश्न विचारतं, या स्टॉपला शेड आहे का, या रस्त्यावर दिवे आहेत का, तुम्ही फक्त उत्तर द्यायचं. सकाळच्या वॉकला उपवनला जाता जाता होऊन जातं आणि काही बिघडवायची भीती पण नाही.

त्यानंतर घरी कॉम्प्युटरवर ओपनस्ट्रीटमॅपचा आयडी नावाचा एडिटर, तो ब्राउझरमध्येच उघडतो. त्यात मागे जो सॅटेलाइट फोटो दिसतो त्यावरून गिरवायला परवानगी आहे. तलाव गिरवताना पाण्याची आजची कड न गिरवता बांधलेला काठ गिरवा, मे महिन्यातला फोटो असेल तर तलाव अर्धाच दिसतो. वाशी-नेरूळच्या होल्डिंग पाँडमध्ये (पावसाचं पाणी साठवायचे तलाव) भरती-ओहोटीने पाणी वरखाली होतं, तिथे तर बांधच धरा. नाव टाकताना मुख्य नावाच्या रकान्यात आजूबाजूला जी पद्धत दिसते ती ठेवा आणि मराठी नाव भाषेच्या वेगळ्या रकान्यात द्या, तिथे खूप काम बाकी आहे. बसस्टॉपचं नाव पाटीवर जे असेल तेच. टीएमटीच्या (ठाणे पालिकेच्या बसच्या) पाटीवर एक आणि लोकांच्या तोंडी दुसरं असेल तर दुसरं पर्यायी नावात.

सेव्ह करताना खाली काय बदललं ते एका ओळीत लिहायला सांगतात, तिथे "अपडेट" असं लिहू नका, "कोपरी भागातले बसस्टॉप, स्वतः पाहून" असं लिहा. आणि तुमच्याकडे शेकड्याने ओळींची फाईल असेल तर ती एकदम इंपोर्ट करायची नाही, आधी तिथल्या भारतीय कम्युनिटीशी बोला, त्यांचे इंपोर्टचे नियम आहेत.

६. फोटो कॉमन्सवर

अपलोड विझार्ड उघडा, फाईल निवडा, स्वतःचं काम म्हणा, लायसन्स निवडा. एवढंच आहे, अडचणी फक्त आजूबाजूच्या.

व्हॉट्सॲपमधून गेलेला फोटो टाकू नका, त्याचा साईज कमी होतो आणि आतली कॅमेऱ्याची, तारखेची माहिती निघून जाते, मग तपासणाऱ्याला वाटतं हा नेटवरून उचललाय. मित्राचा फोटो असेल तर त्यालाच अकाउंट काढून टाकायला सांगा, ते सगळ्यात सोपं, नाहीतर त्याने विकिमीडियाच्या परवानगी विभागाला स्वतःच्या ईमेलवरून लिहायला लागतं. फाईलला नाव नीट द्या, कचराळी तलाव, पाचपाखाडी, संध्याकाळ, पावसाळा असं. वर्णन मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही. कॅटेगरी लावायला विसरू नका, कॅटेगरी नसलेला फोटो कॉमन्सच्या दहा कोटींवर फाईलींमध्ये कोणाला सापडणार नाही.

सुंदर सनसेट आधीच भरपूर आहेत. त्यापेक्षा तलावाच्या पाटीचा, पायऱ्यांचा, ओव्हरफ्लोच्या जागेचा, जलपर्णी वाढलेल्या कोपऱ्याचा फोटो काढा, आणि दरवर्षी त्याच जागेवरून काढा. कामाला येतो तो हा फोटो.

७. विकिडेटा आणि विकिपीडिया

विकिडेटा २०१२ पासून आहे, तिथे प्रत्येक गोष्टीला एक क्यू नंबर असतो. तुमच्या तलावाचा आधीच असेल तर नवीन बनवू नका, मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावांनी शोधा. असेल तर मराठी नाव आणि एका ओळीचं वर्णन भरा, फोटो जोडा. तो क्यू नंबर तुमच्या सीएसव्हीत एका रकान्यात घाला, म्हणजे दुसऱ्याची यादी तुमच्या यादीला नाव न जुळवता जोडता येते.

मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. नवीन लेख लिहायच्या आधी आहे त्या लेखात एक वाक्य आणि त्याचा संदर्भ जोडून बघा, सराव धूळपाटीवर करा, अडलं तर चावडी या चर्चेच्या पानावर विचारा. आमचे आजोबा सांगायचे, हे तिथे चालत नाही, कितीही खरं असलं तरी. छापील किंवा विश्वासार्ह ठिकाणी आलेलं पाहिजे. स्वतःवर, स्वतःच्या संस्थेवर, नगरसेवक मित्रावर लेख लिहू नका. इंग्रजी लेख ट्रान्सलेट करून जसाच्या तसा चिकटवला तर तो लगेच ओळखू येतो आणि वाचवत पण नाही.

८. सरकारी माहिती वापरायची असेल तर

डेटा डॉट गव्ह डॉट इन हे केंद्राचं पोर्टल २०१२ मध्ये आलं, आणि २०१७ मध्ये सरकारने खुल्या डेटाचं स्वतःचं लायसन्स काढलं. त्याखालचा डेटा स्रोताचं नाव देऊन वापरता येतो. पण प्रत्येक सरकारी वेबसाईटवरचं सगळं त्या लायसन्सखाली नसतं, खाली काय लिहिलंय ते बघा.

महापालिकेचे कागद बऱ्याचदा पीडीएफमध्ये. सिलेक्ट करता येणारा मजकूर असेल तर टॅब्युला नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने तक्ता बाहेर काढता येतो. स्कॅन असेल तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचून मजकूर करणारं सॉफ्टवेअर, गूगल ड्राइव्हचं मराठी ओसीआर ठीक आहे पण आकड्यात ५ आणि ६, १ आणि ९ यांची अदलाबदल होते, म्हणून शेवटी रकान्याची बेरीज करून मूळ कागदावरच्या बेरजेशी जुळवा.

माहितीच उपलब्ध नसेल तर माहितीचा अधिकार, कायदा २००५ चा, फी १० रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत बसवायचा असतो. अर्जात स्पष्ट लिहा की माहिती कॉम्प्युटरवर असल्यास एक्सेल किंवा मूळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावी, कलम २(ञ) मध्ये तो हक्क आहे. हे नाही लिहिलं तर झेरॉक्सचा गठ्ठा येतो आणि तुम्ही आकडे टाईप करत बसता. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

आणि माहिती अधिकारात कागद मिळाला म्हणजे तो कॉपीराइटमधून सुटला असं होत नाही. त्यातले आकडे, तथ्यं तुमच्या तक्त्यात घ्या, स्रोत आणि तारीख लिहा, स्कॅन केलेला अख्खा रिपोर्ट कॉमन्सवर टाकू नका.

९. हे टाकायचं नाही

लोकांची नावं आणि फोन नंबर, सोसायटीच्या मेंबरांची यादी, मतदार यादीतून काढलेलं काही, हॉस्पिटलमधलं काही. "सगळ्यांना माहीतच आहे" हे कारण चालत नाही, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आलाय आणि कायदा नसता तरी हे करायचं नव्हतं. लहान मुलांचे चेहरे ओळखू येतील असे क्लोजअप नकोत. घरातून काढलेल्या फोटोतलं लोकेशन काढून टाका, नाहीतर तुमचा बाल्कनीतला पाऊस तुमचा पत्ता सांगतो.

पक्ष्यांच्या बाबतीत पण. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो सगळ्या जगाला माहीत आहेत, २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं, ते खुशाल नोंदवा. पण येऊरमधल्या घुबडाच्या ढोलीची अचूक जागा नको, दुसऱ्या दिवशी तिथे दहा कॅमेरे उभे राहतात. आयनॅचरलिस्टवर लोकेशन धूसर करायची सोय आहे ती वापरा. तिथे आपोआप नॉन-कमर्शियल लायसन्स लागतं, ते सेटिंगमध्ये जाऊन बदला.

१०. टाकून झाल्यावर

सीएसव्ही फक्त ड्राइव्हवर ठेवू नका. गूगल दोन वर्षं न वापरलेलं पर्सनल अकाउंट पुसू शकतं. गिटहबवर ठेवा आणि पक्की झालेली आवृत्ती झेनोडोवर. नवीन माहिती आली की जुनी फाईल बदलून टाकण्याऐवजी तारीख घालून नवीन आवृत्ती काढा. तुम्ही ज्या सरकारी पानाचा आधार घेतला ते इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सेव्ह करून ठेवा, या साईटींचं नवं डिझाईन आलं की जुन्या लिंका मरतात.

कोणीतरी तुमचं लिहिलेलं बदलेल. तुमच्या यादीतला तलाव तलाव नसून खाण आहे म्हणेल. आधी त्याने दिलेला पुरावा बघा, चर्चा पानावर बोला, लगेच मागे फिरवाफिरवी करू नका, ती भांडणं फार लांबतात.

कॉमन्सवर फोटो डिलीट करण्याचा प्रस्ताव आला तर तुमच्या चर्चा पानावर नोटीस येते. लगेच उडत नाही, साधारण सात दिवस चर्चा चालते. शांतपणे लिहा की फोटो कधी, कुठून, कुठल्या फोनने काढला, ओरिजिनल फाईल आहे, त्याच वेळचे आजूबाजूचे आणखी फोटो असतील तर ते पण टाकून दाखवा. हरकत भिंतीवरच्या चित्राची किंवा मूर्तीची असेल तर वाद घालून उपयोग नाही, फ्रेम बदलून दुसरा काढा. इंग्रजीत जमत नसेल तर मराठीत लिहा, चालतं, फक्त नोटिशीचा ईमेल चुकू नये म्हणून सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशन आजच चालू करून ठेवा.